लष्करी वैमानिक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बहुतेक वेळा मुलाचा नसतो, वडिलांचा असतो. "सर, चिरंजीवांना पायलट व्हायचंय, जरा मार्गदर्शन करा." मी म्हणतो, चिरंजीवांना फोन द्या. मग पलीकडे कुजबुज, "बोल ना, बोल," आणि शेवटी एक अवघडलेला आवाज. त्या आवाजानं आणि त्याच्या आईवडिलांनी मला गेल्या काही वर्षांत जे जे विचारलं, ते इथं एकत्र केलं आहे. मी हवाई दलात होतो आणि नोकरीतली शेवटची काही वर्षं नवख्यांना उडायला शिकवण्यात गेली. त्यामुळे भरतीपेक्षा प्रशिक्षणावर जास्त बोलेन. भरतीची माहिती नोटिफिकेशनमध्ये असते. ती मात्र दरवेळी नवी काढून वाचा, मित्रानं फॉरवर्ड केलेली गेल्या वर्षीची नको.

मुलगा दहावीत आहे. आत्ताच काय ठरवायचं?

एकच गोष्ट: अकरावीला गणित सोडायचं नाही. "डॉक्टर नाही झाला तर बघू" म्हणून पीसीबी घेणारी आणि मग बारावीनंतर माझ्याकडे येणारी मुलं दरवर्षी भेटतात. एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. पदवीनंतर ॲफकॅटनं, म्हणजे हवाई दलाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेनं, जायचं म्हटलं तरी फ्लाइंग (वैमानिकांच्या) शाखेला बारावीचं फिजिक्स आणि गणित विचारतातच, प्रत्येकी किमान ५० टक्के. पदवी बी.कॉम.ची चालते, बारावीचं गणित नसेल तर चालत नाही.

दुसरं, आपल्याकडे घराजवळ मिळणाऱ्या सोयी लोकांना ठाऊक नसतात. छत्रपती संभाजीनगरची सेवा पूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना निवडून दोन वर्षं एनडीएसाठी तयार करते आणि ती राज्य सरकारची आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. साताऱ्याचं सैनिक स्कूल तर १९६१ चं, देशातलं पहिलं. तिथंच शिकलेले प्रदीप वसंत नाईक २००९ ते २०११ हवाई दलप्रमुख होते.

आत जायचे रस्ते कोणते?

बारावीनंतर एनडीए. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. लेखी ९०० गुणांची (गणित ३००, सामान्य क्षमता ६००) आणि निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, मुलाखतीचे आणखी ९००. पदवीनंतर ॲफकॅट किंवा सीडीएस (यूपीएससीचीच परीक्षा), वय २० ते २४. ॲफकॅटला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) व्यावसायिक वैमानिक लायसन्स हातात असेल तर २६ पर्यंत. एनसीसी एअर विंगचं 'सी' सर्टिफिकेट असेल तर वेगळी एंट्री आहे. ॲफकॅटच्या फ्लाइंगवाल्यांना मिळतं ते १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, एनडीएवाल्यांना कायमचं. हा फरक घरी बसून नीट समजून घ्या, कारण १४ वर्षांनी तुम्ही पस्तिशी ओलांडून बाहेर पडणार आहात.

मराठी माध्यम आहे. जमेल?

जमेल, पण लाज आधी सोडावी लागेल. एनडीएचा पेपर इंग्रजी-हिंदीत येतो आणि सामान्य क्षमतेतल्या ६०० पैकी २०० गुण थेट इंग्रजीचे. ते अभ्यासानं होतं. खरी अडचण पुढे, रेडिओवर. तिथली इंग्रजी मात्र शाळेतल्या इंग्रजीपेक्षा सोपी आहे! ठरलेले शब्द, ठरलेला क्रम. नऊला 'नायनर' म्हणायचं, तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', म्हणजे खरखरीत ऐकूनही घोटाळा होत नाही. माझ्याकडे लातूरकडचा एक मुलगा होता. मेसमध्ये इंग्रजीत मीठ मागायलाही बिचकायचा, पण त्याचं रेडिओवरचं बोलणं अख्ख्या कोर्समध्ये सगळ्यात स्वच्छ होतं. कारण तो जेवढं लागतं तेवढंच बोलायचा. कॉन्व्हेंटवाली मुलं फ्रिक्वेन्सीवर गप्पा मारायची.

चष्मा आहे म्हणजे संपलं का?

नंबर किती यावर आहे. ढोबळ मापदंड असा: एका डोळ्याला चष्म्याविना ६/६, दुसऱ्याला ६/९ आणि तो चष्म्यानं ६/६ पर्यंत येणारा. लेसिक करून घेतलेलं चालू शकतं, पण अटी कडक आहेत. वयाच्या विशीआधी केलेलं नको, त्यानंतर किमान १२ महिने गेलेले हवेत, आधीचा नंबर सहाच्या वर नसावा, शिवाय डोळ्याच्या लांबीची आणि पारपटलाच्या जाडीची मोजमापं ठरलेली आहेत. म्हणून सतराव्या वर्षी घाईनं ऑपरेशन करून टाकू नका. रंगांधळेपणाला मात्र उपाय नाही. ती ठिपक्यांतले आकडे ओळखायची चाचणी कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. ती दहावीतच करून घ्या. तीन वर्षं क्लास लावून शेवटी दिल्लीच्या वैद्यकीय तपासणीत हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

उंची किती लागते?

फ्लाइंगला किमान १६२.५ सेंमी. पण नुसती उंची नाही, पायांची लांबी (९९ ते १२० सेंमी), बसल्यावरची उंची (८१.५ ते ९६) आणि मांडीची लांबी (जास्तीत जास्त ६४) हेही मोजतात. लोकांना हा जाच वाटतो. कारण साधं आहे. इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी) सुटते तेव्हा मांडी जास्त लांब असेल तर गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात. म्हणून सहा फूट दोन इंच उंचीचा देखणा मुलगाही नापास होऊ शकतो.

एसएसबीच्या पाच दिवसांत ते काय बघतात?

यावर बाजारात इतकं साहित्य आहे की मी भर घालत नाही. एक सांगतो. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, अशी शब्दचाचणी असते. पाठ केलेली वाक्यं तिसाव्या शब्दापर्यंत पुरतात, पुढे तुम्ही स्वतःच उरता. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथली तयारी महागड्या क्लासपेक्षा मला सरळ वाटते.

सीपीएसएस एकदाच देता येते, हे खरं?

खरं. वैमानिक होण्याचा कल आहे की नाही हे तपासणारी ही चाचणी आयुष्यात एकदाच. पूर्वीच्या पीएबीटीची ही पुढची आवृत्ती. नापास झालात तर फ्लाइंग शाखेचं दार कुठल्याच एंट्रीनं पुन्हा उघडत नाही. म्हणून 'अनुभव म्हणून देऊन येतो' असला प्रकार इथं करू नका. आधीच्या रात्री झोपा, आणि सूचना सांगतात तेव्हा ऐका. हे लिहावं लागतं याचंच मला वाईट वाटतं, पण बरीच मुलं यंत्रासमोर बसायच्या घाईत सूचना अर्ध्याच ऐकतात. यात हात किती चपळ आहे यापेक्षा, एका कामात हात गुंतलेला असताना दुसरीकडे कान-डोळा राहतो का, हे कळतं. स्वयंपाक करता करता फोनवर बोलणाऱ्या आणि दूध उतू जाऊ न देणाऱ्या आयांना हे जन्मतः येतं.

आधी फ्लाइंग क्लबमध्ये उडून आलं तर फायदा होतो का?

पैसे उडवायचेच असतील तर उडवा. हवाई दल शून्यापासून आणि स्वतःच्या खर्चानं शिकवतं. ॲफकॅटवाल्यांना तर प्रशिक्षणातही दरमहा ५६,१०० रुपये मिळतात. थोडं उडून आलेल्यांना पहिले दहा तास सोपे जातात आणि पुढचे वीस अवघड, कारण बोटांना लागलेली सवय मोडावी लागते.

मुलींना लढाऊ विमान मिळतं का?

मिळतं. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी जून २०१६ मध्ये दुंडिगलच्या हवाई दल ॲकॅडमीतून बाहेर पडल्या. खडकवासल्याला एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली आणि मे २०२५ मध्ये पास झाली. विमानाच्या नियमांत मुलामुलींत फरक नाही, शारीरिक मापंही तीच. "लग्नाचं काय?" हा प्रश्न मला फक्त मुलींचे पालक विचारतात. उत्तर मुलालाही लागू आहे: प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही.

दुंडिगलला गेल्यावर विमानात कधी बसवतात?

लगेच नाही. हैदराबादजवळची ही ॲकॅडमी आधी तुम्हाला वर्गात बसवते. एरोडायनॅमिक्स, हवामान, नेव्हिगेशन, इंजिन, आणीबाणीतल्या कृती. मुलांना वाटतं हा अडथळा आहे, कधी एकदा पिलॅटसला हात लागतो. पिलॅटस पीसी-७ हे एका पंख्याचं टर्बोप्रॉप. पुढे विद्यार्थी, मागे प्रशिक्षक, दोघांना इजेक्शन सीट. आधीची शिकवायची एचपीटी-३२ विमानं २००९ मध्ये जमिनीवर बसवली गेली, त्यानंतर २०१३ पासून हे आलं.

वर्गातलं का लागतं ते एका उदाहरणानं सांगतो. पातळी न सोडता ६० अंश कलून वळलात की विमानावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) सुमारे १.४ पट होतो. सरळ उडताना ७० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) स्टॉल होणारं विमान त्या वळणात ९९ नॉटलाच हात टेकतं. आता हे कागदावर. प्रत्यक्षात उतरायला येताना शेवटचं वळण घेता घेता वाऱ्यानं तुम्ही धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकलले जाता, मनात येतं अजून थोडं कलवू, अजून थोडी स्टिक, म्हणजे विमान हाकायचा दांडा, ओढू. वेग कमी, उंची कमी, कल जास्त. ज्याला तो १.४ चा आकडा हाडात मुरला आहे तो त्या क्षणी कल कमी करतो, पॉवर लावतो आणि 'गोइंग अराउंड' म्हणून पुन्हा फेरी मारतो. ज्यानं तो फक्त परीक्षेपुरता पाठ केला, त्याच्यासाठी मागच्या सीटवर मी असायचो.

'चेअर फ्लाइंग' म्हणजे काय? खरंच उपयोग होतो?

माझं सगळं सांगणं या एका उत्तरात आहे, त्यामुळे जरा लांबेल.

विमान थांबत नाही. १८० नॉट म्हणजे मिनिटाला तीन सागरी मैल. तुम्ही 'आता काय करायचं होतं?' असं आठवत बसलात तेवढ्यात अर्धं गाव मागे पडलेलं असतं. आमच्यात म्हणतात, हा विमानाच्या मागे आहे. शरीर कॉकपिटमध्ये असतं, डोकं दोन मैल मागून धावत येत असतं. प्रशिक्षणात अडकणारी बहुतेक मुलं हाताला जड नसतात, अशी विमानाच्या मागे पडलेली असतात. आणि यावरचा इलाज वर हवेत होत नाही, खाली खोलीत होतो.

प्लास्टिकची खुर्ची घ्या. समोर भिंतीवर कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवा. उजव्या हातात स्टिक म्हणून काहीतरी धरा. एका पोरानं घरून लाटणं आणलं होतं, गुडघ्यांत उभं धरून बसायचा. डावा हात थ्रॉटलवर. डोळे उघडे. आता उद्याची सॉर्टी, म्हणजे उड्डाण, पहिल्यापासून शेवटपर्यंत उडा, खऱ्या वेळात. स्टार्टची चेक्स (तपासण्या) तोंडानं मोठ्यानं म्हणा आणि प्रत्येक स्विचवर बोट न्या. नुसतं 'मग डाउनविंडला चेक्स करायची' (डाउनविंड म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं उडायचा टप्पा) असं म्हणून पुढे जाऊ नका, चेक्स करा. रेडिओवर काय बोलणार ते बोला, आणि टॉवर काय उत्तर देईल तेही. मित्राला शेजारी बसवा. त्यानं मध्येच म्हणावं, "इंजिन बंद." त्या क्षणी तुमचा हात कुठे गेला?

पहिल्या दिवशी वेडपट वाटतं. पंधराव्या दिवशी हॉस्टेलच्या व्हरांड्यात चार जण एकामागे एक, तिरक्या रांगेत, हात पंखांसारखे धरून चालताना दिसतात. ते फॉर्मेशनची तालीम करत असतात आणि कुणी हसत नाही.

नेव्हिगेशनलाही हेच. साठात एकचा नियम घ्या: एक अंशाची चूक ६० मैलांवर एक मैल बाजूला नेते. म्हणजे ३० मैलांवर दोन मैल डावीकडे भरकटलेले दिसलात तर चूक चार अंशांची. हे वर गेल्यावर मोजायला घेतलं की पुढचा टप्पा निघून जातो. खाली नकाशावर बोट फिरवत दहा वेळा केलेलं असेल तर उत्तर विचारायच्या आधी येतं.

लँडिंगच जमत नाही. काय चुकतंय?

नजर. दहात आठ वेळा नजर. जमीन अंगावर यायला लागली की माणूस नाकासमोरच्या डांबराकडे बघतो, ते भर्रकन धावत येताना दिसतं आणि घाबरून स्टिक ओढली जाते. विमान फुग्यासारखं वर उचललं जातं, वेग संपतो, मग दाणकन खाली. धावपट्टीच्या वर पोचलात की नजर लांबच्या टोकाकडे न्या. सायकल शिकताना वडील ओरडायचे ना, चाकाकडे बघू नको, रस्त्याकडे बघ.

उरलेल्या दोन वेळा चूक लँडिंगची नसतेच, ती दोन मिनिटं आधी डाउनविंडवर झालेली असते. वेग किंवा उंची तिथंच बिघडलेली असते आणि तुम्ही शेवटपर्यंत तिच्यामागे धावत येता. खराब अप्रोचचं चांगलं लँडिंग करून दाखवायचा हट्ट नको. पुन्हा फेरी मारली म्हणून कुणी कमी लेखत नाही.

विमानात उलटी होते. सांगावं की लपवावं?

सांगा. पहिल्या काही सॉर्टींत बऱ्याच जणांना मळमळतं, ते कमी होत जातं. उपाशी पोटी जाऊ नका आणि तुडुंब नाश्ता करूनही नको. स्वतःच्या मनानं गोळ्या घेणं मात्र पूर्ण बंद, त्यानं झापड येते. आईनं दिलेला आलेपाक खा हवा तर. त्रास थांबतच नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीराला हळूहळू सवय करून देण्याचे उपचार आहेत. लपवणाऱ्याचं काय होतं? त्याचं अर्धं लक्ष पोटाकडे असतं, विमानाकडे उरलेलं अर्धं.

'जी' म्हणजे नेमकं काय होतं? जिम लावू का?

जी म्हणजे कडक वळणात अंगावर येणारा भार; पाच जी म्हणजे तुमचं सगळं पाचपट जड. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरलं तर मानेवर ३० किलो. रक्त पायांकडे ओढलं जातं, आधी रंग फिके होतात, मग कडेचं दिसेनासं होतं, पुढे शुद्ध जाते. त्यासाठी मांड्या, पोट, कुल्ले आवळून धरायचे आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायचा असं तंत्र शिकवतात. लढाऊवाल्यांसाठी बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये गरागरा फिरवणारं सेंट्रिफ्यूज आहे. जिम लावा, पण आरशासाठी नाही. पाय आणि मान मजबूत करा. आणि पाणी प्या. कोरड्या पडलेल्या शरीराला जी लवकर गाठतो.

प्रशिक्षक फार ओरडतात म्हणे?

काही ओरडतात. मीही ओरडायचो, आणि त्यातलं निम्मं आज मला अनावश्यक वाटतं. मला शिकवणारे एक जण तर हवेत स्टिकनं गुडघ्यावर टोले द्यायचे. त्याचं कौतुक करणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. पण ओरडण्यातला मजकूर वेगळा काढायला शिका. सॉर्टीनंतरच्या डिब्रीफला (चुकांच्या चर्चेला) वही घेऊन बसा. "सर, ते वाऱ्यामुळे…" असं सुरू करू नका. आपली चूक प्रशिक्षकाच्या आधी आपण सांगितली की डिब्रीफ दहा मिनिटांत संपतं, नाहीतर चाळीस मिनिटं. ज्याला स्वतःची चूक दिसते त्याला एकटं सोडायला मला कधी भीती वाटली नाही. ज्याला दिसत नाही, त्याची लँडिंग कितीही गुळगुळीत असोत, सोलोवर सही करताना माझं पेन थांबायचं.

सस्पेंड झालो तर?

होतात मुलं. एकदम नाही, जादा सॉर्टी मिळतात, दुसऱ्या प्रशिक्षकाकडे देतात, वरिष्ठ स्वतः उडून तपासतात. तरी नाही जमलं तर फ्लाइंग थांबतं आणि दुसऱ्या एंट्रीनं पुन्हा वैमानिक होता येत नाही. जागा असतील तर ग्राउंड ड्यूटीच्या शाखेत जाता येतं. घरच्यांना विनंती: तो सुट्टीवर आला की शेजाऱ्यांना काय सांगायचं याची चिंता त्याच्यासमोर करू नका.

सुखोईच हवं. मागता येतं का?

मागता येतं, मिळेलच असं नाही. दुंडिगलच्या टप्प्यानंतर गुणवत्ता, तुमची पसंती आणि दलाची गरज बघून तीन वाटा फुटतात. लढाऊवाले बीदरला हॉक-१३२ वर, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला, मालवाहू विमानवाले येलहंकाला. धानोरी-विमाननगरची मुलं लोहगावच्या सुखोईच्या आवाजात वाढलेली, त्यांना हेलिकॉप्टर मिळालं की चेहरा पडतो. पाच वर्षांनी तोच मुलगा सियाचीनला सामान टाकून आल्याचं सांगतो आणि सुखोईचं नावही काढत नाही.

नौदल आणि लष्करातही वैमानिक असतात ना?

असतात, आणि त्यांतल्या दोन जागा आपल्या दारात आहेत. लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना नाशिकच्या गांधीनगर तळावर विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळतात. नौदलाची मिग-२९के गोव्याच्या दाबोळीहून, आयएनएस हंसा या तळावरून उडतात. जहाजाच्या डेकवर उतरणं हा वेगळाच वेडेपणा आहे. त्यावर बोलायचा मला अधिकार नाही.

आई म्हणून विचारते, धोका किती?

ताई, आहे. नाही म्हणालो तर खोटं होईल. माझ्या कोर्समधले दोघं आज नाहीत. इतकंच सांगतो की तो वर जाण्याआधी खाली पन्नास माणसं त्याच्यासाठी काम करत असतात, आणि पहाटे पावणेपाचला एखादा कॉर्पोरल टॉर्च घेऊन त्याच्या विमानाच्या पोटाखाली आडवा पडून तपासत असतो.

पहिल्या सोलोला कसं वाटतं?

आधी काहीच वाटत नाही, कारण काम असतं. प्रशिक्षक उतरतो, मागच्या सीटचे पट्टे नीट आवळून बांधतो, मोकळे राहिले तर कंट्रोलमध्ये अडकतील म्हणून. मग कॅनॉपीवर (कॉकपिटवरच्या काचेवर) दोनदा थापटतो आणि मागे न बघता चालत जातो. एका माणसाचं वजन कमी झालेलं असल्यानं विमान नेहमीपेक्षा आधी जमीन सोडतं, आणि त्यानं जरा दचकायला होतं. डाउनविंडवर येईपर्यंत चेक्स, रेडिओ, वेग. मग तिथं कुठेतरी लक्षात येतं की इंटरकॉमवर दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत नाहीये.